गडाखाली राहणाऱ्या मुलांनी काय वाचावं?

वेल्ह्याकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी वीस पुस्तकं सुचव. पेटी भरायचीय." अशी यादी मी डोळे मिटून देऊ शकते, असं मला वाटलं होतं. दहा मिनिटांत दिलीही. तिने ती वाचली आणि एकच प्रश्न परत पाठवला: "यातली किती मुलं गावात राहतात, आणि किती फक्त सुट्टीत गावाला येतात?"

मी मोजलं. सुट्टीत येणारीच जास्त होती.

मराठीत मुलांच्या साहसकथांची ही जुनी सवय आहे. शहरातली चार-पाच मुलं मामाच्या गावी येतात, गडावर चढतात, त्यांना गुहा सापडते, चोर सापडतात, बक्षीस मिळतं आणि ती परत जातात. गावातला मुलगा त्यांना वाट दाखवतो. पुस्तक संपतं तेव्हा तो तिथेच उभा असतो, हात हलवत. पुण्यात वाढताना मला यात काही खटकलं नव्हतं. पण वेल्ह्यातली मुलं तोरण्याच्या पायथ्याशीच राहतात. दर रविवारी पाठीवर सॅक लावून येणारे ट्रेकर्स ती बघतात. त्यांच्यासाठी गड म्हणजे सहल नव्हे. तिकडे गुरं जातात, तिकडून पाऊस येतो. अशा मुलाने कुणाच्या जागी उभं राहून ही गोष्ट वाचायची?

नऊ ते तेरा या वयाची अडचण मुळात वेगळीच आहे. चित्रांची पुस्तकं 'लहान बाळांची' वाटायला लागलेली असतात आणि जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. मधल्या जागेत आपण बहुतेकदा बोधकथा भरतो. त्यात खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते आणि कष्टाळू मुलगा पहिला येतो. मुलं त्या वाचतात आणि विसरतात, कारण शेवट पहिल्या ओळीतच कळलेला असतो. म्हणून दुसरी यादी करताना मी स्वतःला एवढंच विचारलं: या पुस्तकात मुलाला काही खरोखर ठरवावं लागतं का?

फास्टर फेणे या कसोटीला उतरतो. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मुळात फुरसुंगीचा आहे, हे आपण विसरतो. आज पुण्याच्या वस्तीत मिसळलेली फुरसुंगी त्या कथांमध्ये गावच होती. हा मुलगा शिकायला शहरात येतो आणि तिथल्या भानगडी सोडवतो. म्हणजे नेहमीची दिशा इथे उलटी होते. तो ताकदवान नाही, सडपातळ आहे, पण त्याची नजर तीक्ष्ण आणि पाय चपळ. 2017चा सिनेमा पाहून त्याला ओळखणाऱ्यांनी पुस्तकातला शाळकरी बन्या जरूर वाचावा. काही प्रसंग आज जुने वाटतील, योगायोगही फार आहेत. पण वाक्यं लहान आहेत, वेग आहे. नुकताच सलग वाचायला लागलेल्या मुलाला याहून चांगली सुरुवात नाही.

गो. नी. दांडेकरांचं 'वाघरू' तर राजगडावरच घडतं. ते मुलांसाठी लिहिलेलं नाही आणि शहरी बारा वर्षांच्या मुलाला ते जड जाईल. मात्र राजगडाखालच्या मुलाला त्यातली मावळी बोली टिपांशिवाय कळेल. ज्या शब्दांना वर्गात 'अशुद्ध' म्हणतात, तेच छापलेल्या पुस्तकात भेटतील. शिक्षिकेने रोज चार पानं मोठ्याने वाचावीत, अडेल तिथे मुलांनाच अर्थ विचारावा. त्या तासाला जाणकार मुलं असतील.

यादीत एकच पुस्तक ठेवायचं असेल, तर मी 'पाडस' ठेवेन. मार्जोरी रॉलिंग्जच्या 'द यर्लिंग'चा हा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लोरिडातल्या जंगलात एक गरीब शेतकरी कुटुंब राहतं. बापाला साप चावतो. विष उतरवायला तो हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो, जीव लावून वाढवतो. मग ते मोठं होतं आणि मक्याचे कोवळे कोंब खायला लागतं. ज्योडी कुंपण उंच करतो, ते त्यावरूनही उडी मारतं. त्या मक्यावर घराचं वर्ष चालणार असतं.

शहरातला वाचक इथे पाडसासाठी रडतो. मीही रडले होते आणि आईबापांचा राग आला होता. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं भाताचं खाचर ज्याने पाहिलंय, तो मुलगा मात्र एकाच वेळी दोन्हीकडे उभा असेल. त्याला ज्योडीचं दुःख कळेल आणि आईचा हिशेबही. लेखिकेने आईला दुष्ट केलेलं नाही, बापाला भाबडं केलेलं नाही. सगळ्यांचं बरोबर आहे आणि तरीही कुणाचा तरी जीव जाणार आहे. एवढं मोठं सत्य मुलांना सांगायचं धाडस बोधकथेत नसतं. 'मुलांना असं दुःखद कशाला?' असं मोठी माणसं म्हणतील. पण ज्या घरात हे दुःख येऊन गेलंय, तिथल्या मुलाला त्यासाठी शब्द मिळाले तर बिघडलं कुठे?

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मी घाबरतच घातलं. लंपन हा आईवडिलांपासून लांब, आजीआजोबांकडे राहणारा मुलगा. सीमाभागातलं गाव, कानडी वळणाची मराठी. शाळेसाठी नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना त्याचं एकटेपण समजावून सांगावं लागणार नाही. यात रहस्य नाही, घटनाही फारशा नाहीत. त्यामुळे पेटीतून ते सर्वांत कमी वेळा बाहेर निघेल. पण एखाद्या मुलाला ते सापडलंच, तर तो ते परत करणार नाही.

मुलींसाठी 'चौघीजणी' घेतलं. शांता शेळक्यांच्या मराठीत ती चार बहिणींची घरातली ओढाताण परकी वाटत नाही. आणि माधुरी पुरंदऱ्यांचं 'वाचू आनंदे', कारण त्यात न आवडलेलं पान उलटलं की पुढे वेगळाच लेखक भेटतो. वाचनाची गोडी लागायला उलटून जाण्याची मुभाही लागते.

पेटी पोचेपर्यंत थांबायचीही गरज नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक फोनवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी आहेत. घरातला फोन धाकट्या भावंडाच्या हातात जातोच, तर त्याआधी एक अंक उघडून द्या.

शेवटी यादीत एकोणीस नावं झाली. विसावी जागा मी रिकामी ठेवली. पानशेतचं धरण 12 जुलै 1961 रोजी फुटलं. त्या पुराची गोष्ट पुण्यातल्या कितीतरी घरांत अजून सांगतात: पाणी कुठवर आलं, कोण माळ्यावर चढलं. पानशेत पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यात आहे. पुण्याला पाणी मिळावं म्हणून ज्यांची शेतं आणि अंगणं पाण्याखाली गेली, त्या घरांतल्या अकरा वर्षांच्या मुलीची गोष्ट मला त्या जागी हवी होती. तिने काय उचलून नेलं, काय मागे ठेवलं?

मैत्रिणीला मी तसंच कळवलं. तिचं उत्तर आलं, "पेटीत एक कोरी वही ठेवते."