शिरीन फोजदार यांच्या चरित्रकथेची चिकित्सा

सिंगापुरांत इ. स. १९६१ सालीं ‘विमेन्स चार्टर’ नांवाचा कायदा मंजूर होऊन मुसलमानेतर समाजांत एकपत्नीकत्व बंधनकारक झालें. त्या चळवळीच्या इतिहासांत ज्यांचें नांव अग्रभागीं येतें त्या शिरीन फोजदार मूळच्या मुंबईच्या. त्यांचा जन्म इ. स. १९०५ सालीं इराणी बहाई घराण्यांत झाला, पति डॉ. फोजदार यांच्यासह त्या इ. स. १९५० सालीं सिंगापुरास गेल्या व तेथेंच इ. स. १९९२ सालीं निवर्तल्या.

त्यांची प्रचलित चरित्रकथा फारच सरळ आहे. बहाई धर्म स्त्रीपुरुषांस समान मानतो; बाई बहाई; सबब त्या बहुपत्नीकत्वाविरुद्ध उभ्या राहिल्या. वर ताहिरेचा दाखला असतोच. ज्या बाबी संप्रदायांतून बहाई धर्म निघाला त्यांतील ही इराणी विदुषी व कवयित्री. इ. स. १८४८ सालीं बदश्त येथील मेळाव्यांत ती बुरख्यावांचून पुरुषांपुढें आली आणि इ. स. १८५२ सालीं तेहरानांत तिला ठार करण्यांत आलें. तिच्या अंतकाळच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उद्गारांस आम्ही बखरीपेक्षां अधिक मोल देत नाहीं. बदश्तचा प्रसंग मात्र नाकारतां येत नाहीं.

धर्मप्रेरणा आम्हांस अमान्य नाहीं. परंतु बाई ज्या मुलखांत वाढल्या तेथील कायद्याचा विचार केल्यावांचून ही कथा अपुरी राहते. पारशी समाजास एकपत्नीकत्व इ. स. १८६५ च्या विवाहकायद्यानें लागू झालें होतें. आणि बाईंच्या प्रयाणापूर्वीं चार वर्षें, म्हणजे इ. स. १९४६ सालीं, मुंबई प्रांतानें हिंदूंच्या द्विभार्याविवाहास बंदी केली. सिंगापुरांत त्यांनीं जें मागितलें तें त्यांच्या जन्मप्रांतांत कायद्याच्या पुस्तकांत आधींच चढलें होतें. कायद्याची धांव किती, हेंही येथेंच दिसत होतें. मुंबईहून फार दूर नसलेल्या जव्हारच्या मुलखांत, दाभोशाच्या धबधब्याभोंवतालच्या पाड्यांत, तो कायदा त्या वेळीं चालत नव्हता. कारण जव्हार हें संस्थान होतें, तें विलीन झालें इ. स. १९४८ सालीं. सिंगापुरच्या कायद्याबाहेरही मुसलमान स्त्रिया राहिल्याच. त्यांच्यासाठीं इ. स. १९५८ सालीं निराळें शरियत न्यायालय निघालें, व त्याही मागणींत बाईंचा हात होता.

दुसरा दोष श्रेयाचा. इ. स. १९५२ सालीं स्थापन झालेल्या सिंगापूर कौन्सिल ऑफ विमेन या संस्थेच्या बाई चिटणीस होत्या. अध्यक्षा होत्या टान चेंग हिओंग. पुढें पीपल्स ॲक्शन पार्टीनें इ. स. १९५९ च्या निवडणुकींत एकपत्नीकत्वाचें वचन दिलें, आणि विधिमंडळांत चान चोय सिओंग यांनीं त्याची बाजू मांडली. सर्व यश एकट्या फोजदारबाईंच्या पदरांत घालणें पोवाड्यास शोभेल.

संग्राहकांस एक सांगणें आहे. अब्दुल बहा यांचा एक फारसी ग्रंथ इ. स. १८८२ सालीं मुंबईंत शिळाछापावर निघाला; त्याची प्रत हातीं आल्यास कोणीही जपेल. महिला परिषदांचे अहवाल, छापील निमंत्रणें, इराणी घरांतील पत्रव्यवहार यांस मात्र रद्दीचा भाव मिळतो. फोजदारबाईंचीं इ. स. १९५० पूर्वींचीं वर्षें उजेडांत आणण्यास हेच अस्सल कागद लागतील.