न गंजणारी गाडी, गंजणारा सांगाडा

डेलोरियन म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात: ‘बॅक टू द फ्युचर’मधली गाडी आणि कोकेनच्या प्रकरणात पकडलेला मालक. त्या अटकेमुळे कंपनी बुडाली, असंही सर्रास सांगितलं जातं. तारखा बघा. कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली फेब्रुवारी १९८२ मध्ये, आणि जॉन डेलोरियनला अटक झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. (१९८४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं, हे मात्र कुणी सांगत नाही.)

माझा अभ्यास धातूंच्या गंजण्याचा, म्हणून मी गाडीच उलटी करून बघते.

वरचे पत्रे ३०४ स्टेनलेस स्टीलचे. तुमच्या घरातल्या चांगल्या भांड्यांवर ‘१८/८’ असं कोरलेलं असतं ना, त्याच जातीचं: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी तो आपोआप परत येतो. म्हणून रंगाची गरजच नाही. वर्षानुवर्षं टिकणारी गाडी, हे डेलोरियनचं स्वप्न होतं, आणि इथपर्यंत ते खरं आहे.

पण हे पत्रे भार उचलत नाहीत. त्यांच्या आत फायबरग्लास, आणि खाली साध्या स्टीलचा सांगाडा, वरून इपॉक्सीचा थर दिलेला. इपॉक्सीचा टवका उडाला की तो परत भरत नाही. पाणी थराखाली शिरतं आणि आतल्या आत गंज पसरतो. ही मला निव्वळ तांत्रिक चूक वाटत नाही. शोरूममध्ये जे दिसणार होतं तिथे हट्ट टिकला, जे दिसणार नव्हतं तिथे तडजोड झाली.

बाकीचंही तसंच. मूळ नमुन्यात इंजिन मध्यभागी होतं, ते मागच्या चाकांच्याही मागे गेलं. ताकद १३० हॉर्सपॉवर, किंमत २५,००० डॉलर. त्याहून स्वस्त कॉर्व्हेट जास्त ताकद देत होती. अमेरिकेत मंदी असताना, गाड्या पडून असताना, १९८१ च्या शेवटी उत्पादन आणखी वाढवलं. हे गणित मला आजही कळत नाही.

आणि यात भरडले गेले ते बेलफास्टजवळच्या डनमरीचे लोक. दंगली, बाँबस्फोट, प्रचंड बेकारी. म्हणून ब्रिटिश सरकारने ७ कोटी पौंडांहून जास्त पैसा ओतला. सुमारे २,५०० जण कामाला लागले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच लाइनवर. बहुतेकांनी आधी मोटार बनवलीच नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांची जुळणी वाईट होती, दारं नीट बसत नव्हती, अमेरिकेत पोचल्यावर दुरुस्ती करावी लागे. त्याचं खापर आजही या कामगारांवर फुटतं. पण वर उघडणारं दार निवडलं कुणी? घाई कुणाची होती? सांगाड्याचं स्टील तर नक्कीच त्यांनी ठरवलं नव्हतं.

सुमारे ९,००० गाड्या झाल्या आणि १९८२ च्या अखेरीस कारखाना बंद पडला. पत्रे ठोकायचे काही अवजड साचे पुढे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या बाजूला, माशांच्या जाळ्यांना नांगर म्हणून समुद्रात सोडले गेले. त्यांना क्रोमियमचा पापुद्रा नाही. खाऱ्या पाण्यात ते आपल्या गतीने गंजतायत.