‘फितूर’ व ‘फितवा’ : एक शब्दविचार

ऐतिहासिक कागदपत्रांत ‘फितूर’, ‘फितवा’, ‘फितविणें’, ‘फंदफितूर’ हे शब्द वारंवार येतात. दुसऱ्याच्या माणसास लालूच दाखवून धन्यापासून फोडणें, हा त्यांचा मुख्यार्थ. ‘फितूर’ हा आरबी ‘फित्ना’चा अपभ्रंश होय, असें सांगण्यांत येतें, तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

‘फित्ना’चा मूळ धातु सोनेंरुपें अग्नींत घालून पारखणें या अर्थाचा. त्यावरून परीक्षा, मोह व शेवटीं यादवी असे अर्थ निघाले. खलीफा उस्मान याच्या वधानंतर इ. स. ६५६ ते ६६१ पर्यंत चाललेल्या यादवीस ‘पहिली फित्ना’ म्हणतात. अर्थ जुळतो खरा. पण ‘फितूर’ यांतील ‘र’ कोठून आला, याचें उत्तर या मतांत मिळत नाहीं. केवळ अर्थसाम्यावर व्युत्पत्ति उभी राहत नसते.

आमच्या मतें मूळ शब्द आरबी ‘फुतूर’ हा होय. दीर्घ ऊकारापूर्वींचा ऱ्हस्व उकार आपल्याकडे पालटतो : ‘फुजूल’चें फिजूल, ‘कुसूर’चें कसूर, ‘वुसूल’चें वसूल. ‘फुतूर’ म्हणजे ऊन वस्तु निवणें, शैथिल्य. फारशींत त्यास बिघाड असाही अर्थ आला. निष्ठेचें शैथिल्य म्हणजेच फितूर, हें उघड आहे. हिंदुस्थानींत तोच शब्द डोक्यांतील खुळास लावतात.

‘फितवा’चा संबंध कोणी ‘फतवा’ या शब्दाशीं जोडूं पाहील; पण त्याचा अर्थ धर्मशास्त्राचा निर्णय असा असून धातूहि निराळा. ‘चकविणें’पासून चकवा, तसा ‘फितविणें’पासून फितवा.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. ‘किल्ल्यांत फितूर केला’ यांत कर्ता मोह घालणारा. ‘अमका फितूर झाला’ यांत मोहास बळी पडणारा. दोन्ही ठिकाणीं ‘विश्वासघात’ अशी सरसकट टीप दिल्यास एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं बसतो. शिवाय फितुरास गुप्तपणा लागतो. परशुराम त्रिंबकानें १७०२ त विशाळगड औरंगजेबास दिला तो दीर्घ वेढ्यानंतर, द्रव्य घेऊन व शिबंदी सुखरूप बाहेर काढण्याच्या करारावर. हाच पुरुष पुढें प्रतिनिधिपदीं होता. द्रव्य घेतलें एवढ्यावरून त्यास फितूर म्हणणें म्हणजे शब्द व इतिहास दोन्ही बिघडविणें होय. उलट, गडावर एकाच्या हातीं सर्व सत्ता न देतां हवालदार, सबनीस व सरनोबत यांनीं मिळून कारभार करावा, अशी जी शिवकालीन व्यवस्था सभासद सांगतो, ती अशा गुप्त फितुरास आळा घालणारी होती.

म्हणून कागद छापणारांस आमची विनंति इतकीच कीं, ‘फितूर’ शब्द आला असतां कोणी कोणास फितविलें हें आधीं पाहावें, आणि मग दोष द्यावा.