शेजाराचे साहित्य : वळिवड्यापासून पोलंडपर्यंत

वळिवड्याच्या पोलिश छावणीवर मराठीत अधूनमधून लिहिले जाते. लिहिण्याची तऱ्हा मात्र ठरून गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ सालापासून कोल्हापूरजवळच्या ह्या गावी येऊन राहिले. तेथे त्यांच्या शाळा निघाल्या, चर्च उभे राहिले, दवाखाना आणि नाटकेही झाली. १९४८ पर्यंत ते निघून गेले आणि रिकाम्या बराकींत फाळणीने उठवलेले सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. मग कोल्हापुरातील स्मृतिस्तंभाचा उल्लेख येतो, २०१९ साली आलेल्या पोलिश पाहुण्यांचा येतो, २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर-स्मारकाला वाहिलेल्या आदरांजलीचा येतो. शेवटी 'अतिथी देवो भव' आणि लेख संपतो.

माझा आक्षेप ह्या तपशिलाला नाही, शेवटच्या वाक्याला आहे. ही छावणी तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने उभारली, खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला आणि जागा कोल्हापूर संस्थानातली होती. कोल्हापूरच्या माणसांनी त्या लोकांना आपुलकी दिली, हे त्या निर्वासितांनीच पुढे कृतज्ञतेने सांगितले आहे. ती आपुलकी कोणी नाकारू नये. परंतु तिचा दाखला देऊन एका संपूर्ण संस्कृतीला औदार्याचे प्रमाणपत्र दिले जाते, तेव्हा प्रश्न विचारावाच लागतो. हजारो मैलांवरून आलेला माणूस ज्या संस्कृतीत देव होतो, त्या संस्कृतीत वेशीबाहेरचा माणूस कोण असतो? राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. हुकूम काढावे लागले, ह्यातच सारे आले. आणि हुकूम निघाले म्हणून खेड्यातल्या विहिरी मोकळ्या झाल्या नाहीत.

भारतातील पोलिश निर्वासितांवर अनुराधा भट्टाचार्जी यांचे एक पुस्तक २०१२ साली निघाले. त्याचे नाव आहे 'दि सेकंड होमलँड', म्हणजे दुसरी मायभूमी. ते नाव वाचताना मला १९३१ सालचा ऑगस्ट महिना आठवतो. आपल्याला मायभूमीच नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या महिन्यात गांधीजींना तोंडावर सांगितले होते. जेथे परक्याला दुसरी मायभूमी मिळाली, तेथेच जन्मलेल्याला पहिली मिळाली नव्हती. ह्या दोन गोष्टी एकाच पानावर लिहिण्याची मराठी लेखकाला गरज वाटत नाही. त्याची दृष्टी वेशीपर्यंत जाते आणि तेथून मागे फिरते.

पण ह्यावर थांबणे म्हणजे केवळ टोमणा मारून मोकळे होणे. दलित समीक्षेने त्यापुढे गेले पाहिजे. वळिवड्याची ती मुले कोण होती? ती कोठून आली? त्यांच्या गावात त्यांचा शेजार कसा होता? हे मराठीत कोणी विचारलेले नाही.

ही माणसे प्रामुख्याने पोलंडच्या पूर्व सीमाप्रदेशातली. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन पोलंडमध्ये घुसले. फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पहिल्या खेपेसच सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांना कडाक्याच्या थंडीत मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे आणि उत्तरेच्या जंगलांत नेले. कित्येक वाटेतच मेले. उरलेल्यांपैकी काही १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतलेच काही आपल्याकडे पोचले. हा अन्याय होता. त्याला दुसरे नाव देता येत नाही.

परंतु त्या पहिल्या खेपेत कोणाला उचलले? बहुतांशी वसाहतकरी कुटुंबांना आणि जंगलखात्याच्या नोकरांना. डिसेंबर १९२० मध्ये पोलंडने कायदा करून आपल्या माजी सैनिकांना पूर्वेकडे जमिनी दिल्या. तेथील खेड्यापाड्यांत बहुसंख्य शेतकरी युक्रेनी आणि बेलारूसी होते, जमिनीला भुकेलेले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर वॉर्साची माणसे जमीनधारक झाली. त्यांच्या भाषेतल्या शाळाही पुढे आटत गेल्या. १९४३ साली, म्हणजे वळिवड्याला गाड्या येत होत्या त्याच वर्षी, व्होल्हिनिया प्रांतात युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश खेडूत, बायकामुलांसह, कापून काढले. १९४७ साली पोलिश सरकारने सुमारे एक लाख चाळीस हजार युक्रेनी आणि लेम्को लोकांना घरातून उठवून देशाच्या दुसऱ्या टोकाला विखरून टाकले. कत्तलीचे समर्थन जमिनीच्या अन्यायाने होत नाही आणि हद्दपारीचे समर्थन कत्तलीने होत नाही. पण ही साखळी पाहिल्याशिवाय वळिवड्याच्या मुलाचे दुःखही पुरते कळत नाही.

पोलंडचा इतिहास आपल्याकडे पारतंत्र्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्यांनी तो देश वाटून घेतला. १९१८ पर्यंत, १२३ वर्षे, नकाशावर पोलंड नव्हता. मिकिएविचसारख्या कवींनी आपल्या राष्ट्राला क्रूसावर चढवलेल्या ख्रिस्ताची उपमा दिली. पण ह्या क्रूसावरच्या राष्ट्रात राष्ट्र कोण होते? सोळाव्या शतकापासून पोलिश सरदारवर्ग स्वतःला सार्मेशियन नावाच्या प्राचीन लढवय्या जमातीचे वंशज समजत असे. शेत कसणारा कुणबी त्यांच्या मते वेगळ्या रक्ताचा. बायबलातला शापित हाम हा त्याचा पूर्वज. 'हाम' ही पोलिश भाषेत आजही शिवी आहे. मालकाला 'पान' म्हणत आणि त्याच्या शेतावर फुकट राबण्याच्या सक्तीला त्याच शब्दावरून बनलेले नाव होते. आपण तिला वेठ म्हणतो. विजेता वंश निराळा, राबणारा वंश निराळा आणि ही व्यवस्था देवाने लावलेली: हा सिद्धान्त आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१८४६ साली ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात पोलिश सरदारांनी स्वातंत्र्यासाठी उठाव केला. तार्नूफ भागातील कुणब्यांनी त्यांना साथ दिली नाही. उलट ते सरदारांच्या वाड्यांवर चालून गेले आणि सुमारे हजार माणसे मारली गेली. याकुब शेला हा त्यांचा पुढारी. पोलिश राष्ट्रवादी इतिहासाने त्याला परकीयांचे हत्यार ठरवले. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी त्या रागाचा फायदा उठवला, हे खरेच आहे. पण राग त्यांनी निर्माण केला नव्हता. तो वेठीतून आला होता. दोनच वर्षांनी, १८४८ साली, ऑस्ट्रियाच्या बादशहाने तेथली वेठ रद्द केली. रशियाच्या ताब्यातील पोलंडात हेच काम १८६४ साली झारने केले. म्हणजे कुणब्याला मोकळीक मिळाली ती परक्या राजाकडून. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात इंग्रजांच्या बाजूने पेशवाईविरुद्ध लढलेल्या महार शिपायांकडे आजही बोट दाखवणाऱ्यांनी हा गॅलिशियाचा धडा वाचावा. ज्याला राष्ट्रात जागा दिली नाही, त्याच्याकडे राष्ट्रनिष्ठेची पावती मागण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

आता साहित्याकडे येऊ. हेन्रिक सिएनकिएविच यांना १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १८८४ साली पुस्तकरूपाने आलेली त्यांची 'आगीने आणि तलवारीने' ही कादंबरी १६४८ च्या ख्मेल्नित्स्की उठावावर आहे. पराभूत राष्ट्राचे मन उभारावे हा त्यांचा हेतू होता आणि तो सफल झाला. पण मन उभारले कोणाचे? कादंबरीत पोलिश सरदार हा शौर्याचा पुतळा आणि बंडखोर युक्रेनी जमाव हा जाळपोळ करणारा रानटी लोंढा. तो लोंढा का पेटला, हे सांगण्यात लेखकाला रस नाही. बोलेस्वाफ प्रूस ह्या त्यांच्याच समकालीन कादंबरीकाराने ह्या इतिहासदृष्टीवर तेव्हाच टीका केली होती. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीचा वाचक ही जात लगेच ओळखील. आणखी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या उठावात हजारो ज्यू मारले गेले. सरदारांच्या गिरण्या, दारूचे गुत्ते, करवसुली ज्यू मक्तेदारांकडे असे. कुणब्याला मालक दिसत नसे, मक्तेदार दिसे. वरचा सुरक्षित राहतो आणि खालचे दोघे एकमेकांचा गळा धरतात.

व्वादिस्वाफ रेयमाँट यांच्या 'कुणबी' ह्या चार भागांच्या कादंबरीला १९२४ साली नोबेल मिळाले. ही अधिक प्रामाणिक कलाकृती आहे. लिप्त्से गावाचे वर्ष ऋतूंप्रमाणे उलगडते. जंगलाच्या हक्कासाठी गाव जमीनदाराशी लढते. पण रेयमाँट गावाला देवघर करीत नाही. बोरिना ह्या धनाढ्य शेतकऱ्याच्या घरी लग्नाचा जल्लोष चालू असतो आणि त्याचा गडी कुबा गोळी लागलेला पाय स्वतःच्या हाताने तोडून तबेल्यात मरतो. आगाता ह्या म्हाताऱ्या बाईला तिचे नातलग हिवाळ्यात भीक मागायला बाहेर काढतात. शेवटी सारे गाव मिळून याग्नाला शेणाच्या गाडीत घालून हाकलते. जमीनदाराशी लढणारे गाव आपल्यातल्या दुबळ्याशी जमीनदारासारखेच वागते, हे ह्या कादंबरीचे मोल. मराठी ग्रामीण साहित्यात गावाची माया पुष्कळ आहे; तबेल्यातला कुबा शोधायला आपल्याला दलित स्वकथनांपर्यंत थांबावे लागले.

तरीही रेयमाँट कुणबी नव्हते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचे चिरंजीव होते. कुणब्याने स्वतः लिहिणे ही गोष्ट वेगळी. ती पोलंडात घडली. लुद्विक क्झिविट्स्की यांच्या संस्थेने १९३३ साली शेतकऱ्यांना आपल्या जीवनाची हकिकत लिहून पाठवण्याचे आवाहन केले. जवळजवळ पाचशे लोकांनी लिहिले. १९३५ आणि १९३६ साली 'कुणब्यांच्या आठवणी' दोन खंडांत निघाल्या. मीठ आणि काडेपेटी विकत घ्यायलाही पैसा नाही, अशा मंदीच्या काळात ही माणसे लिहीत होती. 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली, 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली. ती आपापल्या लेखकाने एकट्याने ओढून आणलेली पुस्तके होती. पोलंडात एका संस्थेने दार उघडून धरले. आपल्याकडे दार फोडावे लागले.

परंतु कुणब्याचा आवाज उमटला म्हणजे शेजार सुधारला असे नाही. १९३७ साली पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक लावण्यास सरकारने मुभा दिली. पुष्कळ ज्यू विद्यार्थी त्या बाकांवर बसले नाहीत. व्याख्यान संपेपर्यंत ते उभे राहत. काही पोलिश प्राध्यापकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळे बसलेल्या भीमरावाच्या वारसांना हा प्रसंग परका वाटणार नाही. पुढे १० जुलै १९४१ रोजी, जर्मन ताब्यातील येद्वाब्ने गावात, पोलिश रहिवाशांनी आपल्याच गावचे ज्यू एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळले. अधिकृत चौकशीत बळींचा आकडा किमान तीनशे चाळीस निघाला. यान टोमाश ग्रॉस यांनी २००० साली ह्यावर पुस्तक लिहिले आणि नाव दिले 'शेजारी'. २००१ साली पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या गावी जाऊन क्षमा मागितली. २०१८ साली पोलिश राष्ट्रावर नाझी गुन्ह्यांचा ठपका ठेवणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा झाला आणि जगभर टीका झाल्यावर त्याच वर्षी तुरुंगाची तरतूद काढावी लागली. आपल्याकडे कीळवेण्मणीला १९६८ साली ४४ माणसे झोपडीत जळाली, खैरलांजी २००६ साली घडली. ही गावे आपण 'घटना' म्हणून नोंदवतो. 'शेजारी' हा शब्द आपण वापरत नाही.

मी हे पेण तालुक्यातील जोहे गावातून लिहितो आहे. ह्या जिल्ह्याला शेजाराचे दोन वारसे आहेत. एक, महाडच्या तळ्याचा. दुसरा, चरीच्या संपाचा. १९३३ पासून सहा वर्षे अलिबाग तालुक्यातील कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते आणि बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक आणले. कूळ आणि अस्पृश्य एका मोर्चात चालले ते त्या काळात. कुणब्याने ज्याच्यावर हात उगारायचा तो मालकच असावा, शेजारी नसावा, हा विचार त्यामागे होता. पोलंडात हेच फारसे साधले नाही.

आज आमच्या गावात आणि शेजारच्या हमरापुरात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. त्या मूर्ती परदेशी जातात, त्यांच्यावर कौतुकाने लिहिले जाते. माती मळणाऱ्या आणि रंग मारणाऱ्या हातांवर कोणी लिहीत नाही. ह्या तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. पावसाळा संपला की त्यांतली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा तेथेच सुटते. बौद्धवाडीपासून कातकरवाडी किती लांब आहे? अंतर सांगता येईल, पण येणेजाणे किती, हे सांगताना आपल्यापैकी कोणालाही अडखळावे लागेल. वेदना हा दलित साहित्याचा उगम आहे. मात्र वेदना म्हणजे पुण्याईचा दाखला नव्हे. १२३ वर्षांच्या पारतंत्र्याने पोलंडला आपल्या शेजाऱ्याचे दुःख आपोआप शिकवले नाही. आपल्यालाही ते आपोआप येणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या नियतकालिकांनी आणि महाविद्यालयांतल्या वाङ्मयमंडळांनी १९३३ च्या त्या आवाहनासारखे एक आवाहन करावे. कातकरी, ठाकर, वीटभट्टीवरचे मजूर, मूर्तीच्या कारखान्यातले कामगार, मातंग आणि भटक्या वस्त्यांतल्या बाया, ह्यांच्या हकिकती मागवाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याची हकिकत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावी, 'सुधारू' नये. त्या हकिकतींत आपल्याविषयीही काही लिहिलेले असेल. ते वगळू नये. तेवढे छापण्याची हिंमत आपल्यात असेल, तर शेजार ह्या शब्दाला मराठीत प्रथमच काही अर्थ येईल.