एका रस्त्याची दोन नावे

परिचित रस्त्याविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा त्या रस्त्याचे वर्णन करू लागतो. दुतर्फा उभी असलेली झाडे, वळणावरचे देऊळ, थांब्यावरची चहाची टपरी ह्यांची चित्रे तो काढतो. आणि टीकाकारही त्या चित्रांच्या रेखीवपणावरून ‘प्रादेशिकता साधली आहे’ किंवा ‘साधलेली नाही’ असा निर्णय देऊन मोकळा होतो. प्रस्तुत लेखात ह्या पद्धतीविषयी शंका उपस्थित करावयाची आहे. रस्त्याभोवती जमा झालेले भाव त्याच्या वर्णनात फारसे सापडत नाहीत, आणि त्याच्या नावातही पूर्णपणे सापडत नाहीत. ते प्रामुख्याने जाण्या-येण्याच्या क्रियापदांत आणि दिशा दाखविणाऱ्या रूपांत राहतात, असे माझे मत आहे. हे मत पडताळून पाहण्यासाठी अमरावती आणि अकोला ह्या दोन शहरांना जोडणारा रस्ता मी निवडला आहे. मी मूळचा मूर्तिजापूरकडचा असल्यामुळे ह्या रस्त्याच्या साधारण मध्यभागी लहानाचा मोठा झालो. ह्या निवडीमागे ते एक कारण आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

प्रथम नावाचा विचार करू. सुमारे शंभर किलोमीटरांच्या ह्या रस्त्याला लोकव्यवहारात स्वतःचे असे एक नाव नाही. अमरावती शहरातून बाहेर पडताना तो ‘बडनेरा रोड’ असतो. अकोल्यातून निघताना तोच ‘मूर्तिजापूर रोड’ होतो. मूर्तिजापुरात उभे राहिले म्हणजे एका हाताला ‘अकोला रोड’ आणि दुसऱ्या हाताला ‘अमरावती रोड’ असे त्याचे दोन तुकडे पडतात. म्हणजे बोलणारा ज्या ठिकाणी उभा असेल तेथून पुढे लागणाऱ्या आणि त्याला हव्या असलेल्या गावाचे नाव रस्ता घेतो. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘येथे’, ‘तेथे’ ह्या शब्दांचा अर्थ जसा बोलणाराच्या स्थानावर अवलंबून असतो तसाच ह्या नावांचाही असतो. व्याकरणदृष्ट्या ती विशेषनामे असली तरी कार्यदृष्ट्या ती दर्शकच होत.

ह्या नामकरणात इतिहासाचाही अंश आहे. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीस, तर पश्चिम वऱ्हाडचे अकोल्यास ठेवण्यात आले. दोन ठाण्यांमधला हा रस्ता दोन्ही टोकांना सारख्याच अधिकाराने मोजला गेला असला पाहिजे. पुढे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला तेव्हा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीस केवळ एक छोटा फाटा मिळाला. तेव्हापासून अमरावतीकराच्या दृष्टीने बडनेरा रोड हा दूरच्या गाडीकडे नेणारा रस्ता ठरला. कापसाच्या व्यापारामुळे ‘उमरावती’ हे ह्या शहराचे जुने उच्चारित रूप तर लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत गेले आणि वऱ्हाडच्या कापसास तेथे ‘ऊमरा’ म्हणू लागले. गावाचे नाव मालाला लागले आणि माल गेला तेथवर ते पोहोचले.

सरकारी नामकरणाची तऱ्हा ह्याहून वेगळी आहे. हा रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० च्या फेररचनेत तो क्रमांक ५३ झाला. आशियाई महामार्गांच्या जाळ्यात त्याचा क्रमांक ४६ आहे. क्रमांकाचा गुण असा की तो सर्व ठिकाणी सारखाच असतो, आणि त्याचा दोषही हाच. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत जे नाव सर्वांचे आहे ते कोणा एका गावाचे होऊ शकत नाही. जून २०२२ मध्ये ह्याच अमरावती-अकोला टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अखंडपणे घालण्यात आला आणि गिनेसच्या जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली. कतारमध्ये २०१९ साली झालेला पूर्वीचा विक्रम २५ किलोमीटरांहून थोडा अधिक होता. हे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पद आहे ह्यात संशय नाही. तथापि विक्रमाच्या नोंदीत रस्ता म्हणजे लांबी भागिले वेळ एवढाच उरतो. त्या रस्त्यावरून कोणाला कोठे न्यावयाचे आहे हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. अडचण तेव्हा उत्पन्न होते जेव्हा साहित्याचे आणि बोलीचे अभ्यासकही नकळत हाच हिशेब स्वीकारतात.

ह्या रस्त्यासाठी बोलीत जे सामान्यनाम आहे ते ‘सडक’. वऱ्हाडीत ‘ड’ चा ‘ळ’ होतो, त्या नियमाने जुन्या पिढीच्या तोंडी त्याचे ‘सळक’ झाले. ह्याच बोलीत मूळच्या ‘ळ’ चा ‘य’ होतो: ‘काळा’ चे ‘काया’, ‘डोळा’ चे ‘डोया’. परंतु ‘सळक’ चे ‘सयक’ कधी होत नाही. दोन्ही बदल आपापल्या जागी राहतात आणि शब्दांची सरमिसळ होत नाही. ‘मुर्तजा’ ह्या नावावरून आलेल्या ‘मुर्तजापूर’ चे ‘मूर्तिजापूर’ करून लोकांनी त्यात ओळखीची ‘मूर्ती’ आणली, हाही त्याच वृत्तीचा दुसरा नमुना होय. परका शब्द आपल्या उच्चारात बसवून घेणे ही तो शब्द आपला झाल्याची एक खूण असते. आता ‘सळक’ मागे पडून ‘हायवे’ आला आहे. ‘हायवे’ ला बोलीने अद्याप आपला आकार दिलेला नाही. पण एवढ्यावरून जुने भाव नष्ट झाले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण नाम बदलले तरी क्रियापदे टिकून आहेत.

आता क्रियापदांकडे वळू. मूर्तिजापूर तालुका अकोला जिल्ह्यात आहे. साहजिकच कचेरीचे काम, न्यायालयाची तारीख, १९६९ मध्ये तेथे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर बियाण्यांविषयीचा सल्ला, ही सारी कामे अकोल्याची. माझ्या बालपणी घरातील माणूस सकाळी कागदांची पिशवी काखोटीस मारून एस.टी.ने निघे आणि सांगे, ‘अकोल्याले जातो.’ येथे जाणारा कर्ता असतो. तो स्वतःच्या इच्छेने निघतो आणि सायंकाळी परततो. अमरावतीच्या बाबतीत मात्र आमच्या भागात एक निराळे वाक्य ऐकू येई: ‘त्याले अमरावतीले नेलं.’ ह्या वाक्यात माणूस कर्म झालेला आहे. नेणारा कोण ते सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही कोणास वाटत नसे. ऐकणारा पुढे काही न विचारता हातातले काम बाजूला ठेवी. दुखणे गावच्या डॉक्टरच्या हातून गेले आहे, घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव केली आहे आणि रात्रीच गाडी करून माणसास हलविले आहे, एवढा सारा मजकूर ‘नेलं’ ह्या एका रूपात मावत असे.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की अमरावतीस लोक स्वतः होऊनही जातातच. नवरात्रात अंबादेवीस जाणारांची संख्या काही थोडी नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु त्या वेळी आमच्याकडे कोणी ‘अमरावतीले जातो’ असे म्हणत नसे. ‘अंबादेवीले जातो’ असेच म्हणत. शिक्षणासाठी जाणारा मुलगा ‘कॉलेजले जाये’. म्हणजे शुभ आणि ऐच्छिक प्रयोजनांनी आपापली वेगळी नामे घेतली, आणि ‘अमरावती’ हे नाव ‘नेणे’ ह्या क्रियापदाबरोबर आजारासाठी शिल्लक राहिले. रस्ता एकच, एस.टी.चा थांबाही एकच. पण पूर्वेस तोंड केले म्हणजे माणूस कर्म होतो आणि पश्चिमेस तोंड केले म्हणजे कर्ता. हा भाव रस्त्याच्या कोणत्याही वर्णनात दाखविता येणार नाही.

‘नेलं’ ला जोडून ‘आनलं’ येते, आणि तेथे अर्थ अधिकच जड होतो. ‘अमरावतीहून आनलं’ असे कोणी सांगितले तर माणूस कोणत्या अवस्थेत आणला हे सांगणाराच्या चेहऱ्यावरूनच समजून घ्यावे लागे. मी महाविद्यालयात असताना माझ्या वडिलांना असेच एका पहाटे नेण्यात आले. तीन आठवड्यांनंतर ते परत आले तेव्हा शेजारच्या एका वृद्ध बाईंनी फाटकातूनच आईला विचारले, ‘आनलं का वं?’ आईने उत्तर दिले, ‘आनलं नाई. आले.’ पुढे काही बोलण्याची तिला आवश्यकता वाटली नाही. मी भाषाविज्ञान पुढे शिकलो. प्रयोज्य आणि प्रयोजक ह्यांतील भेद पुस्तकांतून समजावून घेतला. पण त्या दोन शब्दांत आईने जे स्पष्ट केले त्याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की हा वैयक्तिक अनुभव झाला. परंपरेत त्यास आधार काय? आधार ह्याच भूभागाशी निगडित असलेल्या जुन्या वाङ्मयात आहे. गोविंदप्रभूंचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि त्यांचे शिष्य चक्रधर ह्यांच्या लीळांचे मराठीतील आद्य गद्य म्हणजे लीळाचरित्र. त्यातील अनेक लीळा एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यापासून सुरू होतात. तेथे सामान्य माणूस ‘जातो’, पण गोसावी ‘बीजे करतात’. जाण्याच्या क्रियेसाठी आदराचे स्वतंत्र रूप योजिले आहे. स्थानपोथीत तर ह्या दृष्टीची पद्धतशीर नोंदच आहे: गावाच्या कोणत्या अंगास देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, गोसाव्यांचे आसन कोठे. देवळाच्या शिल्पाचे कौतुक करणे हा त्या ग्रंथाचा हेतू नाही. कोण कोठून आले, कोणत्या दिशेस तोंड करून बसले, ह्यामुळे ते स्थान होते. स्थळ आणि स्थान ह्यांतला हा फरक मराठीस सातशे वर्षांपूर्वी कळला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्वाचीन काळातही उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. गावात आल्यावर प्रथम हातात खराटा घेऊन रस्ता झाडणे ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे. आमच्या भागातील वृद्धांच्या बोलण्यात बाबांच्या संबंधात रस्ता येतो तो बहुधा ‘झाडणे’ ह्या क्रियापदाबरोबरच येतो. कोणता रस्ता, किती रुंद, हे कोणी सांगत नाही.

ह्या दृष्टीने वऱ्हाडच्या आधुनिक कथात्म साहित्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ असे नाव दिले त्यात नदीला नाते मिळाले. नदी ‘माय’ झाली, कारण ती कोठे जात असली तरी काठावरच्या माणसास ती आपल्याजवळ राहणारी वाटते. सडकेला असे नाते मिळाले नाही. ती घेऊन जाते. उद्धव शेळके ह्यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. ह्या द्विभाषिक रचनेची चर्चा आपल्याकडे ‘बोलीमुळे आलेला जिवंतपणा’ ह्या एका शब्दसमूहापाशी येऊन थांबते. परंतु निवेदनातील ‘जाणे-येणे’ आणि संवादातील ‘जाणे-येणे’ एकाच अर्थाचे आहे काय? पात्र जेव्हा आपल्या बोलीत निघण्याविषयी बोलते तेव्हा ते कर्ता असते की कर्म? हे प्रश्न विचारले तर प्रादेशिक कादंबरीच्या समीक्षेस केवळ शब्दसूची आणि निसर्गवर्णन ह्यांपलीकडे जाता येईल असे मला वाटते.

विद्यार्थ्यांच्या कामाशी ह्याचा अगदी निकट संबंध आहे. काही वर्षांपूर्वी बोलीच्या पाहणीत ध्वनिमुद्रित केलेल्या एका वृद्धेच्या कथनाचे प्रमाण मराठीतील रूपांतर माझ्यासमोर आले. मूळ वाक्य होते, ‘लेकाले अमरावतीले नेलं.’ रूपांतरात लिहिले होते, ‘मुलगा अमरावतीस गेला.’ प्रत्यय, ध्वनिबदल, शब्दसंग्रह ह्यांची टिपणे निर्दोष होती. ‘-ले’ ह्या चतुर्थीच्या प्रत्ययाची नोंदही व्यवस्थित केलेली होती. मात्र बाई आपल्या मुलाच्या शेवटच्या प्रवासाविषयी बोलत होती, हे त्या रूपांतरात कोठेही आलेले नव्हते. दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. पाहणीच्या ज्या प्रश्नावल्या आपण त्याच्या हाती देतो त्यांत नामांसाठी रकाने पुष्कळ असतात. बोलणारा कोठे उभा आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, ह्यासाठी एकही रकाना नसतो. तो घालणे आपल्या हाती आहे.

शेवटचा आक्षेप असा की आता रुंद झालेला महामार्ग गावांना बाजूला टाकून जातो, मोटार मूर्तिजापुरात न शिरताच पुढे निघून जाते, तेव्हा ही भाषा किती काळ टिकणार? त्याचे भाकीत करणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. एवढे मात्र सांगता येते की जुन्या सडकेवरचे कडुनिंब गेले, ‘सळक’ जाऊन ‘हायवे’ आला, क्रमांक बदलला, आणि तरीही गेल्या उन्हाळ्यात गावी असताना एका तरुण मुलाच्या तोंडून मी दूरध्वनीवर ऐकले, ‘आबाले रातीच अमरावतीले नेलं.’ पलीकडच्या माणसाने काही विचारले असावे असे वाटले नाही.