आकृतीत न दिसणारी पेटी

धातूच्या ओतकामावरचे कोणतेही पुस्तक उघडा, त्यात एक आकृती हमखास भेटते. एकावर एक ठेवलेल्या दोन चौकटी, त्यांत ठोकून भरलेली वाळू, वाळूत नमुन्याची पोकळी, एका बाजूने उतरणारे नरसाळे, दुसऱ्या बाजूने वर चढणारा रायझर. बाण काढून नावे दिलेली. फळ्यावर काढायला सोपी आणि विद्यार्थ्यांना पाठ व्हायला त्याहून सोपी. मी स्वतः ती कितीतरी वेळा काढली आहे. पण आळेफाट्याजवळच्या आमच्या शाळेच्या शेडमध्ये खरोखरची साचापेटी करायला बसलो, तेव्हा लक्षात आले की पेटी करणाऱ्याला जे जे हवे असते ते सगळे या आकृतीने झाकून ठेवले आहे.

कारण ती छेदाकृती आहे. उभ्या छेदात पेटीच्या चार बाजूंपैकी दोनच दिसतात आणि त्याही नुसत्या रेघांसारख्या. कोपरे कसे जोडले, हे दिसत नाही. दोन पेट्या जुळवणाऱ्या खुंट्या दिसतात, पण त्या दोन्ही अगदी सारख्या. त्यांची भोके गोल आहेत की लांबट, हे कळायला मार्ग नाही. वाळू घसरू नये म्हणून आतून जी कड लावतात, ती चित्रकार बहुधा विसरतो. आकृती चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पोकळीत रस कसा जातो हे सांगण्यासाठी ती काढली आहे आणि ते काम ती चोख करते. आपण शिक्षक मात्र तीच आकृती पुढे करून ‘साचा असा असतो’ म्हणतो, आणि मुले पेटीला वाळू ठेवायचे खोके समजतात.

हौशी ओतकामावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या डेव्हिड जिंजरी यांचे ‘द चारकोल फौंड्री’. भंगारातून स्वतःची कार्यशाळा उभी करण्याच्या त्यांच्या मालिकेतले हे पहिले पुस्तक, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचे. पत्र्याच्या बादलीला आतून वाळू आणि अग्निरोधक मातीचा लेप द्यायचा, कोळसा पेटवायचा, छोट्या ब्लोअरने वारा द्यायचा, अॅल्युमिनियमचे भंगार वितळवायचे, आणि त्याच ओतकामातून पुढच्या पुस्तकातल्या लेथचे भाग तयार करायचे. यंत्र विकत घेऊन शिकण्याऐवजी यंत्र करता करता शिकायचे, ही कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ग्रामीण मुलामुलींना हातातल्या कामातून विज्ञान शिकवले, त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

तरीही हे पुस्तक जसेच्या तसे शाळेत आणू नये, असे माझे मत झाले आहे. पुस्तक मिटल्यावर मनात उरते ती भट्टी. ज्वाळा, वारा, लाल झालेली मूस! पेटी उरते ती ‘फळ्यांच्या दोन चौकटी करा’ एवढीच. फळ्यांचे म्हणाल तर, ठरावीक मापाचे, वाळवलेले, रंधलेले पाइन लाकूड तिकडे दुकानात तयार मिळते. आळेफाट्यावर काय मिळते? बाभूळ मिळते, पण ती खिळ्यालाही दाद देत नाही. आंबा मिळतो, तो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात पिळवटतो. सागवानाची पेटी करायची तर त्या पैशांत लोखंडाची होते. नारायणगावच्या टोमॅटोची जुनी लाकडी खोकी फुकट मिळाली, म्हणून आम्ही त्यांच्या फळ्या घेतल्या. पेटीतली वाळू ओलसर असते. त्या ओलीने आतली बाजू फुगते, बाहेरची कोरडीच राहते, आणि फळी वाकते. महिनाभरात आमच्या पेट्या फरशीवर ठेवल्या की डुगडुगू लागल्या. एक स्वतंत्र प्रौढ माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये अशी पेटी सांभाळून घेईल. पंधरा मुलांच्या गटाला ती देणे वेगळे.

हे मी शहाणपणाने लिहीत असलो तरी शिकलो ते अपघातातून. खोडदला महाकाय मीटरलहरी दुर्बिणीच्या आवारात दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने जे प्रदर्शन भरते, त्यासाठी मुलांना अॅल्युमिनियमची एक पाटी ओतायची होती. पाटी २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १ जाड. पेटी आतून २५ बाय २०, वरच्या पेटीची उंची १० सेंटिमीटर. रायझर ठेवलाच नव्हता. तारेने टोचलेली वायुछिद्रे तेवढी होती. ओतायला सोपे जावे म्हणून एका मुलाने नरसाळ्यावर तळ नसलेला पत्र्याचा डबा बसवला आणि भोवती माती लिंपली. डबा ५ सेंटिमीटर उंचीचा. मला ती युक्ती आवडलीसुद्धा. रस डब्याच्या काठापर्यंत आला आणि वरची पेटी, कुणी हात न लावता, एका बाजूने उचलली गेली. फटीतून रस बाहेर आला. खाली कोरड्या वाळूचा जाड थर होता, मुले लांब उभी होती, म्हणून कुणाला काही झाले नाही. रस थेट सिमेंटच्या जमिनीवर पडला असता, तर सिमेंटमधल्या ओलाव्याची एकदम वाफ होऊन तुकडे उडाले असते.

आता हिशेब पाहा. वितळलेल्या अॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.४ ग्रॅम. पाटीचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर. वरच्या पेटीच्या तळाला हा रस खालून ढकलतो, आणि त्याचा दाब ठरतो रसाच्या स्तंभाच्या उंचीवरून. डबा नसता तर उंची १० सेंटिमीटर, म्हणजे वर उचलणारा जोर ३०० × १० × २.४ = ७,२०० ग्रॅम, सुमारे ७ किलो. पेटीत ५,००० घन सेंटिमीटर वाळू होती. दर घन सेंटिमीटरला १.६ ग्रॅम धरले तर ८ किलो, आणि फळ्यांचा एखादा किलो. नऊ किलो खाली, सात किलो वर. पेटी जेमतेम जागेवर राहिली असती. डब्याने उंची १५ सेंटिमीटर केली आणि जोर झाला १०.८ किलो. पेटी उठणारच होती.

गंमत अशी, की साच्यात एकूण रस किलोभरही नव्हता. पाटीचा सुमारे ७२० ग्रॅम, आणि नरसाळ्याचा व डब्याचा थोडासा. एवढ्याशा धातूने नऊ किलोची पेटी उचलली! पास्कलचा नियम शिकवताना आपण हायड्रॉलिक जॅकचे चित्र काढतो. तोच नियम इथे पेटीच्या तळाशी बसलेला असतो. वर्गात हे आगीशिवायही दाखवता येते. शेकायच्या रबरी पिशवीच्या तोंडात घट्ट बुचातून एक मीटर उंच प्लॅस्टिकची नळी बसवा, पिशवीवर फळी ठेवा आणि नळीतून पाणी ओता. पिशवीचा ३०० चौरस सेंटिमीटर भाग फळीला टेकत असेल तर सुमारे ३० किलोचा जोर मिळतो. पाचवीतले मूल फळीवर बसवून पाहा. नळी बारीक आहे की जाड, याने काही फरक पडत नाही, हे मुलांच्या गळी उतरायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

पितळाची घनता ८ धरली तर त्याच पाटीला, डबा नसतानाही, २४ किलोचा जोर येतो. म्हणून कारखान्यांत पेट्या एकमेकींना पकडीने आवळतात किंवा वर वजने ठेवतात. वजन हिशेबाने येईल त्याच्या दीडपट धरावे, कारण ओतताना रस आदळतो तो हिशेब वेगळाच. कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीत मुलांना घेऊन गेलात तर भट्टीपुढे गर्दी करू देण्याआधी ही वजने दाखवा. तिथली माणसे पेटीला सरळ ‘बॉक्स’ म्हणतात, वरच्याला ‘कोप’ आणि खालच्याला ‘ड्रॅग’.

पेटीचा इतिहासही भट्टीच्या छायेत राहिला आहे. दायमाबादला १९७४ साली सापडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे चार भरीव ओतीव नग मिळून ६० किलोंहून जड आहेत. अशा एकेकट्या वस्तूंना पेटी लागत नाही, मातीचा साचा फोडला की काम झाले. एकच वस्तू पुन्हा पुन्हा हवी झाली की गोष्ट बदलते. इटलीतल्या बिरिंगुच्चो याच्या १५४० साली छापलेल्या धातुविद्येच्या ग्रंथात चौकटीतल्या साच्यांचे वर्णन येते. १७०७ साली इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने लोखंडी हंडे केवळ वाळूत ओतण्याचे पेटंट घेतले. चिकण गाऱ्याचा साचा वाळला की स्वतःच्या पायावर उभा राहतो, वाळूचा राहत नाही. वाळू आली की तिला धरणारी भिंत हवीच. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगरांचा कारखाना चालवला. झिजलेला फाळ काढून नवा बसवायचा, तर सगळे फाळ एका मापाचे हवेत, आणि त्यासाठी पेट्यांच्या खुंट्या दरवेळी त्याच जागी बसायला हव्यात.

खुंट्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आकृती सर्वांत जास्त फसवते ती इथे. दोन गोल खुंट्या आणि दोन गोल भोके केली तर पेटी पहिल्या दिवशी छान बसते, नंतर अडकते. ३० सेंटिमीटरची लोखंडी पेटी ६० अंशांनी तापली तर सुमारे ०.२ मिलिमीटर लांबते. भोकात मोकळीक तेवढीच ठेवली असेल तर खुंटी आवळते. उचलताना धक्का बसतो आणि आतली वाळूची कड ढासळते. यावरचा जुना उपाय फार सुंदर आहे: एक भोक गोल, दुसरे पेटीच्या लांबीच्या दिशेने लांबट. गोल भोक पेटीला मागेपुढे आणि डावीउजवीकडे सरकू देत नाही. लांबट भोक फक्त तिचे फिरणे थांबवते आणि प्रसरणाला जागा सोडते. पेटी उलटी बसू नये ही सोयही त्यातच होते, खुंट्या कमीजास्त जाडीच्या ठेवल्या की झाले.

सामान मिळवण्याबद्दल. तेलाचा १५ किलोचा डबा कापून पेटी करण्याचा मोह पहिल्यांदा सगळ्यांनाच होतो. तो पत्रा पातळ. धुमसाने वाळू ठोकली की बाहेर फुगतो, हात काढला की परत येतो, आणि वाळूला तडा जातो. ७५ मिलिमीटरचा लोखंडी चॅनल भंगारात मिळतो आणि मजबूत असतो, पण तो मीटरला सुमारे ७ किलो भरतो. ३० बाय २५ च्या एका चौकटीला ११० सेंटिमीटर चॅनल, म्हणजे साडेसात किलो, वाळू वेगळीच! नववीच्या मुलाने ती वाळूसह उलटी करू नये. आम्ही शेवटी ७५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टी घेतली. चौकट दोन किलोंच्या आसपास होते. आतून मध्यावर १० मिलिमीटरची सळई फिरवून वेल्ड केली, तिच्यावर वाळू धरून राहते. फाट्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे हे काम तासाभराचे. त्यांना एवढेच सांगावे लागते, की दोन्ही चौकटी एकत्र आवळून मगच टाके मारा, आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्या. नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट पिळते. मुले मग काचेवर चौकट ठेवून कुठे फट राहिली ते पाहतात आणि कानशीने घासतात. यात दोन दिवस जातात आणि सपाटपणा म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांत जेवढे कळते तेवढे भूमितीच्या तासाला कळत नाही. जस्त चढवलेला पत्रा वेल्डिंगला देऊ नका, त्याचा पांढरा धूर घातक असतो. उपसा योजनेच्या जाड पाइपाचा काटकोनात कापलेला तुकडा मिळाला तर पुलीसाठी उत्तम गोल पेटी होते.

वाळूचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण एक सांगायला हवे. परदेशी पुस्तकातली वाळू सिलिकाची. आमच्या कुकडीची वाळू बेसॉल्टची, तिच्यात झिओलाइटचे कण असतात आणि ते तापले की पाणी सोडतात. अॅल्युमिनियमला ती निभावते, ओतीव लोखंडाला नाही. आणि बोरीच्या काठावर जी प्राचीन ज्वालामुखीची राख आढळते, जिचे नाते सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाशी जोडले जाते व ज्यावर अभ्यासकांत वाद आहे, ती बारीक आणि मऊ लागते म्हणून साच्यावर भुरभुरायला आणू नका. आमच्या एका विद्यार्थ्याने डबा भरून आणली होती. त्याला ती जिथून आणली तिथेच परत ठेवायला लावली. पार्टिंगला खडूची पूड चालते.

जिंजरींच्या पुस्तकावर माझा राग नाही. ते वाचले नसते तर शेडमध्ये भट्टी पेटलीच नसती. पण मराठीत असे पुस्तक कुणी लिहायला घेतले, तर त्यात पेटीचा वरून पाहिलेला नकाशा मिलिमीटरच्या मापांसह असावा, लांबट भोक ठळक दाखवलेले असावे, आणि भट्टीचे प्रकरण पेटीच्या नंतर यावे. आमच्याकडे आता चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीवर रंगाने क्रमांक टाकला आहे, आणि वरच्या पेटीवर मुलांनी तिचे वाळूसकट वजन किलोत लिहिले आहे.