ग्रामसंख्येवरून देशसीमा : एक आक्षेप

शिलालेखांत प्रादेशिक विभागाच्या नांवापुढें जो आंकडा येतो, तो तेथील गांवांची मोजदाद समजून नकाशे आंखण्याची पद्धत स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत रूढ झाली आहे. करहाट-4000, मिरिंज-3000 हीं नांवें घ्यावीं, कऱ्हाड-मिरजेभोंवतीं तितकीं गांवें भरेपर्यंत रेषा ताणावी, आणि तिला प्राचीन सीमा म्हणावें! या पद्धतीस आमचा आक्षेप आहे.

तिच्या पुरस्कर्त्यांचा भरंवसा ऐहोळे येथील शके 556 (इ. स. 634) च्या लेखावर असतो. रविकीर्तीनें त्यांत दुसऱ्या पुलकेशीस 99,000 गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति म्हटलें आहे. येथें ‘ग्राम’ शब्द स्पष्ट असल्यामुळें आंकडा गांवांचाच, हें निर्विवाद. परंतु शब्दार्थ कळला म्हणजे गणती सिद्ध झाली असें नव्हे. ग्रामसंख्या सांगणारें विशेषण व ‘तीन’ हें विशेषण दोन्ही षष्ठीच्या बहुवचनांत महाराष्ट्रकांशीं समानाधिकरण आहेत. आंकडा तिघांचा मिळून कीं प्रत्येकाचा, हें विभक्ति सांगत नाहीं. प्रत्येकाचा म्हटल्यास बेरीज तीन लक्षांच्या घरांत जाते. मिळून धरला तरी 2011 च्या जनगणनेंत महाराष्ट्र राज्याचीं गांवें, ओसाड धरून, 43,663 भरलीं. त्यांत सबंध कर्नाटकाचीं 29,340 मिळविलीं तरी 73,003 च होतात. सातव्या शतकांत, रानें अधिक व वस्ती विरळ असतां, याहून अधिक गांवें कोठून आणावयाचीं? रविकीर्ति प्रशस्तिकार होता, तलाठी नव्हे.

प्रत्येक आंकडा पोकळ आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. शिलाहारांच्या ताम्रपटांतील पुरीप्रमुख 1400 गांवांचें कोंकण संभाव्य वाटतें. पण एकदां रूढ झालेला आंकडा नांवाचाच भाग होतो, आणि गांवें वाढलीं किंवा उजाड झालीं तरी तो ढळत नाहीं. आयर्लंडांतील ‘त्रिखा केत’ या जुन्या विभागाच्या नांवाचा अर्थ ‘तीस शेकडे’ असा आहे. हे शेकडे सैनिकांचे कीं घरांचे, हा वाद तेथील पंडितांतही आहे. पुढें यांतील कित्येकांवरून ‘बॅरनी’ बनल्या. त्यांच्या सीमा कोणी तीन हजारांची मोजणी करून ठरवीत नाहीं.

जें आंकड्याचें तेंच बिरुदाचें. तगर म्हणजे तेर, हें फ्लीटनें 1901 मध्यें दाखवून दिलें. ठाण्याकडे राज्य करणारे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तेवढ्यावरून तेर त्यांच्या राज्यांत ओढणें म्हणजे कुळाच्या मूलस्थानाची आठवण आणि प्रत्यक्ष सत्ता यांची गल्लत करणें होय.

सीमेचा खरा पुरावा दानपत्रांतील आघाटांत असतो. पूर्वेस कोणतें गांव, दक्षिणेस कोणता ओढा, हें तेथें नांवानिशीं नोंदलेलें असतें. तीं नांवें जमिनीवर शोधण्यास पाय झिजवावे लागतात, म्हणूनच बहुधा आंकडा सोयीचा वाटतो. आमच्या वाशी भागांत तर भूमिच बोलकी आहे. उत्तरेस मांजरा, तेरखेड्याजवळ उगम पावलेली तेरणा तेरवरून पुढें मांजरेसच मिळते, म्हणजे हें सर्व पाणी गोदावरीचें. बालाघाट उतरून परांड्याकडे गेलें कीं पाणी सीनेस, म्हणजे भीमेच्या खोऱ्यांत जातें. येथील एखाद्या जुन्या विभागाची रेषा हें पाणलोट ओलांडते असें दाखवावयाचें असल्यास, पलीकडच्या निदान एका गांवाचें नांव लेखांतून काढून दाखवावें.